ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आपोआप का गरजते? एक्झॉस्ट कटआउटमागचं वायरिंग समजून घ्या

इन्स्टाग्रामवर असे रील तुम्ही पाहिले असतील. सिग्नलला गाडी अगदी शांत उभी असते. हिरवा दिवा लागतो, चालक ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो आणि तीच गाडी रेसिंग कारसारखी गरजायला लागते. पाय काढला की पुन्हा शांत. कुठलंही बटण दाबलेलं नसतं. मग आवाज बदलतो कसा?

उत्तर आहे, थ्रॉटलला जोडलेला एक्झॉस्ट कटआउट.

कटआउट म्हणजे काय?

इंजिनातून निघालेला धूर पाइपमधून सायलेन्सरकडे जातो. सायलेन्सर आवाज मारतो, पण धुराच्या वाटेत थोडा अडथळाही आणतो. कटआउट म्हणजे सायलेन्सरच्या आधी पाइपला फोडलेला फाटा आणि त्यावर बसवलेली झडप. झडप बंद असेल तर धूर नेहमीच्या वाटेने जातो. उघडली तर तो सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडतो.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अनेक गाड्यांना पायाने उघडायचे कटआउट होते. चढावर जोर हवा असला की चालक ते उघडायचे. लोक आवाजाने वैतागले आणि एकामागून एक शहरांनी त्यावर बंदी घातली.

आज पायाची जागा छोट्या इलेक्ट्रिक मोटरने घेतली आहे. साध्या किटमध्ये ती बटणावर चालते. हौशी लोक पुढे जाऊन तिला थ्रॉटलशी जोडतात.

गाडीला कळतं कसं?

थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दरवाजा. तो किती उघडला आहे, हे थ्रॉटल पोझिशन सेन्सर सांगतो. बहुतेक गाड्यांमध्ये या सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा असतो. दरवाजा बंद असताना तो साधारण ०.५ व्होल्ट दाखवतो आणि पूर्ण उघडल्यावर ४.५ व्होल्टच्या आसपास.

हाच आकडा एक छोटा कंट्रोलर वाचतो. समजा, थ्रॉटल ७० टक्के उघडल्यावर झडप उघडायची आहे. हिशोब सोपा आहे : ०.५ अधिक ४ व्होल्टचे ७० टक्के, म्हणजे ३.३ व्होल्ट. सिग्नल त्यावर गेला की कंट्रोलर मोटर फिरवतो.

पण बंदही ३.३ व्होल्टलाच करायची ठरवली तर गोंधळ होतो. पाय जरा हलला तरी झडप सतत उघडझाप करते आणि मोटर तापते. म्हणून बंद करायचा आकडा खाली ठेवतात. उदाहरणार्थ ५० टक्के, म्हणजे २.५ व्होल्ट.

मोटर उघडताना एका दिशेला आणि मिटताना उलट फिरायला हवी. त्यासाठी पाच पिनांचे दोन रिले लागतात. एक चालू झाला की करंट एका दिशेने जातो, दुसरा चालू झाला की उलट. झडप टोकाला पोहोचल्यावर मोटर थांबवायचीही सोय हवी. बॅटरीजवळ फ्यूज तर हवाच.

गडबड कुठे होते?

सगळ्यात नाजूक जागा सेन्सरची वायर आहे. तिथून थेट रिले चालवायचा प्रयत्न केला तर व्होल्टेज पडतं आणि गाडीच्या ईसीयूला चुकीची माहिती जाते. म्हणून जवळपास करंटच न ओढणारं सर्किट वापरावं लागतं.

नव्या गाड्यांत थ्रॉटलला केबल नसते, सगळं इलेक्ट्रॉनिक असतं. तिथे एकाऐवजी दोन सिग्नल असतात आणि ईसीयू ते सतत ताडून पाहतो. मेळ बसला नाही तर गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद एकदम कमी होते. ओव्हरटेक करताना असं झालं तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे काही जण वायर न कापता ओबीडी पोर्टवरून थ्रॉटलचा आकडा वाचतात.

दुसरा धोका धुराचा. फाटा गाडीच्या पोटाखाली उघडत असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. त्याला ना रंग ना वास. फाटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी असेल तर प्रक्रिया न झालेला धूर सरळ हवेत जातो.

आणि फायदा? मूळ एक्झॉस्ट फार अरुंद असेल तर मोठ्या इंजिनाला थोडी ताकद मिळते. बाकी बहुतेक गाड्यांत वाढतो तो फक्त आवाज.

मग कंपन्या हेच कसं करतात?

२००६ च्या शेवरोले कॉर्व्हेट झेड०६ मध्ये एक्झॉस्टला अशीच झडप होती. इंजिनावर जोर आला की ती आपोआप उघडायची. आज अनेक स्पोर्ट्स कारमध्ये ही सोय मिळते. फरक एवढाच की कंपनीच्या रचनेत झडप उघडली तरी धूर कन्व्हर्टरमधून जातो आणि मागच्या नळीतूनच बाहेर पडतो. शिवाय ती रचना चाचणीतून पास झालेली असते.

कायदा काय सांगतो?

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कटआउट किंवा बायपास बसवायला थेट मनाई आहे.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सर बंधनकारक करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए नुसार गाडीत बेकायदा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९० लागतं. त्यात पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय तीन महिन्यांसाठी लायसन्सही जातं. महाराष्ट्रात जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याचे व्हिडिओही तुम्ही पाहिले असतील.

बटणावरच्या कटआउटमध्ये निदान कधी उघडायचं हे चालक ठरवतो. थ्रॉटलला जोडलेला कटआउट बाहेर काय आहे हे बघत नाही. हॉस्पिटलसमोरचा चढ असो की रात्री दोन वाजताची गल्ली, ३.३ व्होल्ट झाले की तो उघडणारच. म्हणून ज्यांना हा प्रयोग करायचाच आहे, त्यांच्यासाठी जागा एकच : बंदिस्त रेस ट्रॅक.