किती वाचायचे राहिले?

अनेक शाळांत परिपाठाच्या वेळी फळ्याच्या कोपऱ्यात एखादी विज्ञानवार्ता लिहिली जाते. समजा, वाशिम जिल्ह्यातील रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या एका शाळेने ही वार्ता इंटरनेटवरून मिळवायचे ठरवले. नासाचे रोजचे खगोलचित्र, अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेची भूकंपांची नोंद, आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' यंत्रणेवरील हवामानाचे इशारे आणि मराठी विकिपीडियावरील वाशिम जिल्ह्याच्या लेखात झालेले बदल, अशी चार ठिकाणे निवडली. आता रोज सकाळी ही चारही संकेतस्थळे उघडून 'नवीन काय आले' हे शोधत बसायचे का? तशी गरज नाही. ही चारही ठिकाणे आपल्याकडील नव्या नोंदींची एक यादी संगणकाला वाचता येईल अशा रूपात ठेवतात. या यादीला फीड म्हणतात, आणि अनेक याद्या एकत्र आणून दाखवणाऱ्या प्रणालीला फीड रीडर.

ही सोय दिसायला साधी आहे. पण जमा झालेल्या नोंदी पडद्यावर मांडायच्या कशा, हा प्रश्न पंचवीस वर्षांनंतरही पूर्ण सुटलेला नाही. तो केवळ सजावटीचा प्रश्नही नाही. पडद्याची मांडणी वाचकाला नकळत सांगत असते की तू काय करायला हवेस. म्हणूनच या मांडणीचा शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी विचार करणे अगत्याचे आहे.

फीड चालते कशी?

फीडचा पहिला प्रसिद्ध नमुना, आरएसएस, मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झाला. तो तयार करणाऱ्यांत मद्रासच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी रामनाथन गुहा यांचा प्रमुख सहभाग होता. या नमुन्यात प्रत्येक नोंदीला ठरलेले रकाने असतात: शीर्षक, दुवा, थोडक्यात मजकूर, प्रकाशनाची वेळ. आपल्या हजेरीपटासारखेच हे आहे. रकाने ठरलेले असल्यामुळे कोणाचाही पट कोणालाही वाचता येतो.

फीड रीडर ठरावीक वेळाने प्रत्येक ठिकाणी जाऊन 'नवीन काही आहे का?' असे विचारतो. पन्नास ठिकाणांची यादी असेल आणि दर तासाला विचारणा होत असेल, तर दिवसाकाठी ५० गुणिले २४, म्हणजे १,२०० विचारणा होतात. प्रत्येक वेळी सगळी यादी उतरवली तर मोबाइलचा डेटा वाया जाईल. म्हणून रीडर सोबत मागील प्रतीची खूण पाठवतो. काही बदलले नसेल तर समोरून फक्त ३०४ या क्रमांकाचे उत्तर येते. त्याचा अर्थ, 'तुमच्याकडे आहे तेच ताजे आहे'.

वेळेचीही एक गंमत आहे. फीडमधील वेळ बहुधा ग्रिनिचप्रमाणे लिहिलेली असते. ३० जूनच्या रात्री आठ वाजता लिहिलेली नोंद वाशिमच्या घड्याळाप्रमाणे १ जुलैच्या पहाटे दीड वाजताची ठरते. रीडरने साडेपाच तास मिळवले नाहीत, तर आजची नोंद 'काल' या मथळ्याखाली जाऊन पडेल. मांडणीतली चूक अशी आकडेमोडीतूनही येऊ शकते.

यादी कोणाची?

फीडचा मोठा गुण असा, की काय वाचायचे याची यादी वाचकाची स्वतःची असते. समाजमाध्यमांवर कोणती गोष्ट वर दाखवायची हे कंपनीचे गणित ठरवते. फीड रीडरमध्ये ते वाचक ठरवतो. पण रीडरच एखाद्या कंपनीच्या मालकीचा असेल तर? गूगलने ऑक्टोबर २००५ मध्ये गूगल रीडर सुरू केला आणि तो अनेकांच्या रोजच्या सवयीचा झाला. १ जुलै २०१३ रोजी कंपनीने तो बंद केला. वाचकांना आपल्या याद्या उतरवून घेता आल्या, पण सवयीचा पडदा गेला तो गेलाच.

मुक्तस्रोत प्रणालीत असे सहसा घडत नाही. तिची संगणकीय संहिता सर्वांना खुली असते. मूळ कर्त्यांनी काम थांबवले तरी दुसरे कोणी ते पुढे नेऊ शकते. आणि या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे, पडदा पटला नाही तर तो बदलताही येतो.

पत्रपेटीची नक्कल

२००२ मध्ये ब्रेंट सिमन्स यांनी मॅक संगणकासाठी नेटन्यूजवायर हा फीड रीडर काढला. आज तोही मुक्तस्रोत आहे. त्याच्या पडद्याचे तीन भाग होते: एकात ठिकाणांची यादी, दुसऱ्यात शीर्षके, तिसऱ्यात मजकूर. ही मांडणी ई-पत्रे वाचणाऱ्या प्रणालींतून आलेली होती, आणि पुढे बहुतेक रीडरांनी तीच उचलली. डिसेंबर २००४ मध्ये मोझिलाच्या थंडरबर्ड या मुक्तस्रोत प्रणालीची पहिली आवृत्ती आली. तिच्यात तर पत्रे आणि फीड एकाच पडद्यावर आली.

या नक्कलेबरोबर आणखी एक गोष्ट आली. ती म्हणजे न वाचलेल्या नोंदींचा ठळक आकडा. पत्राच्या बाबतीत हा आकडा योग्यच आहे. पत्र कोणीतरी आपल्याला उद्देशून लिहिलेले असते आणि त्याचे उत्तर देणे आपले काम असते. पण फीडमधील नोंद आपल्याला उद्देशून नसते. ग्रंथालयात वर्तमानपत्रे मांडून ठेवलेली असतात. त्यांतील न वाचलेली पाने मोजून ग्रंथपाल आपल्याकडे बोट दाखवत नाही. फीड रीडर मात्र नेमके तेच करतो. आठवडाभर संगणक उघडला नाही, की चारआकडी बाकी दिसते. मग वाचायला बसणारा वाचत नाही, बाकी फेडत बसतो. कित्येक जण याच ओझ्याने रीडर वापरणे सोडून देतात.

आपल्या शाळेच्या चार फीडचेच उदाहरण घेऊ. भूकंपांच्या सर्वांत मोठ्या फीडमध्ये लहानमोठे सर्व धक्के धरून दिवसाला शेकडो नोंदी येऊ शकतात. खगोलचित्र दिवसाला एक. विकिपीडियाच्या लेखातील बदल कधी महिनाभर नाहीच, आणि आलाच तरी आठ दिवसांनी पाहिला म्हणून बिघडत नाही. उलट, विजांच्या कडकडाटाचा तातडीचा इशारा बहुधा पुढच्या तीन तासांपुरता असतो. सोयाबीनच्या शेतात माणसे असताना तो लगेच दिसला तरच उपयोगी, संध्याकाळी दिसला तर निव्वळ कचरा. पण 'न वाचलेले: २८७' या आकड्यात हा इशारा आणि अलास्कातला सूक्ष्म धक्का यांना सारखेच वजन मिळते!

याचे मूळ नमुन्यातच आहे. आरएसएसच्या नोंदीत प्रकाशनाची वेळ असते, पण 'केव्हापर्यंत उपयोगी' असा रकाना नसतो. आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी जो वेगळा आंतरराष्ट्रीय नमुना आहे, त्यात मुदत संपण्याची वेळ लिहिण्याची सोय आहे. तेव्हा नव्या मांडणीत वाचकाला प्रत्येक ठिकाणाची मुदत ठरवता यायला हवी: हे तीन तास ठेव, हे एक दिवस, हे मी काढीपर्यंत. मुदत संपलेल्या नोंदी आपोआप बाजूला व्हाव्यात. मोठा आकडा जाऊन त्याजागी 'आजचे' एवढाच कप्पा दिसावा. (रीडर मधूनमधूनच विचारणा करतो, त्यामुळे तातडीच्या इशाऱ्यासाठी त्याच्यावर विसंबू नये. त्यासाठी मोबाइलवर थेट येणारे संदेशच हवेत.)

जुने घर राहते ठेवून दुरुस्ती

मांडणी बदलणे किती अवघड असते, हे थंडरबर्डच्याच उदाहरणावरून दिसते. जुलै २०२३ मध्ये तिची ११५ वी आवृत्ती आली. तिला 'सुपरनोव्हा' असे नाव दिले होते. वीस वर्षांच्या डागडुजीने संहिता इतकी गुंतागुंतीची झाली होती, की पडद्याचा एक भाग हलवला तर दुसराच बिघडावा. म्हणून नोंदींची यादी आणि कप्प्यांची यादी हे भाग नव्याने लिहावे लागले. एका ओळीत अनेक रकाने दाखवणाऱ्या तक्त्याच्या जोडीला 'कार्ड' पद्धत आली. तिच्यात प्रत्येक नोंद दोन-तीन ओळींच्या छोट्या चौकटीत दिसते. ओळी दाटीने हव्यात, मध्यम की मोकळ्या, हेही वाचकाला ठरवता येऊ लागले. मात्र ज्यांना जुना तक्ता प्रिय होता त्यांच्यासाठी तो कायम ठेवला. सवयीच्या वाचकाला बेघर न करता नव्याला जागा करून देणे, ही फेरमांडणीची पहिली अट म्हणावी लागेल.

देवनागरीची अडचण

आता आपल्या लिपीकडे वळू. रोमन लिपीसाठी आखलेली ओळ देवनागरीला अपुरी पडू शकते. 'मूर्तींची' हा शब्द पाहा. डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तर पायाशी दीर्घ उकार. ओळीची उंची कमी ठेवली की वरचा रफार किंवा खालचा उकार कापला जातो. दाट ओळींची सोय मराठी शीर्षकांवर तपासल्याशिवाय स्वीकारू नये, ती यासाठी.

दुसरी अडचण शीर्षक तोडण्याची. लांब शीर्षक जागेत बसले नाही, तर प्रणाली ते तोडून पुढे तीन टिंबे देते. पण तोडायचे कुठे? 'विद्यार्थी' या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात: वि, द्या, र्थी. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत मात्र हा शब्द दहा चिन्हांचा आहे, कारण प्रत्येक मात्रा आणि हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक आहे. प्रणालीने आठ चिन्हांवर तोडले तर उरते 'विद्यार्', म्हणजे पाय मोडलेला र. अक्षराच्या सीमा कुठे मानाव्यात याचे नियम युनिकोडमध्ये आहेत. पण देवनागरीतील जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम त्यांत सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला.

साठवणीतही फरक आहे. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत रोमन लिपीतले वाशिम सहा बाइटांत मावते. देवनागरीत त्याची चिन्हे पाच (व, ा, श, ि, म), पण प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. बाइट मोजून मजकूर तोडणारी प्रणाली मराठी वाचकाला त्याच जागेत पुष्कळच कमी मजकूर देईल.

शोधण्याचेही तसेच. 'ॲप' हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो: एक तर 'ॲ' हे अखंड चिन्ह वापरून, नाही तर 'अ' वर चंद्रकोर देऊन. अखंड चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते भिन्न वाटतात. ते एक मानण्याची तजवीज केली नसेल, तर निम्म्या नोंदी सापडणारच नाहीत.

शब्दही मांडणीचाच भाग

बटणांवरील शब्द शब्दशः उतरवून चालत नाही. 'सबस्क्राइब' साठी 'वर्गणीदार व्हा' असे लिहिले, तर मराठी माणूस आधी खिसा चाचपतो! येथे पैशाचा संबंध नसेल तर 'यादीत जोडा' हे पुरे. 'सर्व वाचलेले म्हणून खूण करा' हे मराठी नव्हेच, आणि खरेही नव्हे, कारण वाचलेले काहीच नसते. 'यादी मोकळी करा' म्हटले की काय होणार ते कळते आणि न वाचल्याचा अपराधही उरत नाही. मुक्तस्रोत प्रणालींची भाषांतरे बहुधा स्वयंसेवक करतात. भाषेच्या शिक्षकांना येथे मोठा वाव आहे.

कागदावर करून पाहा

मांडणी तपासायला संगणकाचीही गरज नाही. वर्गातील चार-चार मुलांच्या गटाने कागदावर पडद्याचे चित्र काढावे: ठिकाणे कुठे, शीर्षके कुठे, आकडा ठेवायचा की नाही. शीर्षके खरी, लांब आणि जोडाक्षरांची घ्यावीत. मग ज्याने हे चित्र पाहिलेले नाही अशा एकाला 'आजचा हवामानाचा इशारा शोध' असे सांगावे. त्याने बोट ठेवले की पुढचा कागद समोर सरकवावा. गटाने मदत करू नये, फक्त तो कुठे अडतो ते टिपावे. घरची मोठी माणसेही परीक्षक म्हणून घ्यावीत. कागद उन्हात नेऊन अक्षर वाचता येते का, हेही पाहावे.

किती जणांवर तपासायचे? जेकब नीलसन यांच्या गणिताप्रमाणे एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के दोष उघड करतो असे धरले, तर पाच जणांनंतर न सापडलेले दोष उरतात ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.१६. थोडक्यात, ८४ टक्के दोष पाच जणांतच सापडतात. ३१ टक्के ही सरासरी प्रत्येक ठिकाणी लागू पडेलच असे नाही. तुमच्या वर्गात हा आकडा किती येतो, ते मुलांना टिपलेल्या दोषांवरून काढायला सांगावे. नंतर चित्र सुधारावे आणि नवे पाच परीक्षक शोधावेत.