मिकीच्या पंगतीला कोणाला बसवावं?

कामठीतून सहा महिन्यांसाठी अमेरिकेला लेकाकडे किंवा लेकीकडे निघालेल्या आजी-आजोबांच्या बेतात हल्ली ओरलँडोचं डिस्ने वर्ल्ड बहुधा असतंच. विमानाची तिकिटं झाली, पार्कची तिकिटं झाली, की तिकडून फोन येतो, ‘बाबा, एक दिवस मिकीसोबत नाश्ता बुक करू का? माणशी साठेक डॉलर पडतील.’ इकडे बाबा मनातल्या मनात रुपये करतात आणि म्हणतात, ‘तू बघ बाप्पा.’ पण हा खर्च वाजवी की वायफळ, हे टेबलावर बसणारे कोणत्या वयाचे आहेत त्यावर ठरतं. म्हणून एकेक पायरी सावकाश बघू.

आधी हा प्रकार काय ते. याला तिकडे ‘कॅरेक्टर डायनिंग’ म्हणतात, म्हणजे कार्टूनमधल्या पात्रांच्या सहवासात जेवण. मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी असे वेष केलेले कलाकार हॉलभर फिरतात आणि पंगतीत वाढपी जसा प्रत्येक पानापुढे थांबतो, तसे प्रत्येक टेबलापाशी थांबतात. मुलांना जवळ घेतात, फोटोला उभे राहतात, वहीत सही करतात. जेवण कुठे बुफे असतं, कुठे मोठ्या थाळ्या टेबलावर आणून ठेवतात आणि संपलं की पुन्हा भरतात.

हे पैसे खाण्याचे नाहीत, ही गोष्ट पहिल्यांदाच पक्की करून घ्यावी. सकाळच्या ताटात मिकीच्या डोक्याच्या आकाराचे वॉफल, अंडी, बटाटे, फळं, पाव असलाच माल असतो. आपल्या तर्री-पोह्यांपुढे तो फिकाच. पैसे आहेत ते रांग वाचवण्याचे. पार्कात एकेका पात्राला भेटायला अर्धा-पाऊण तास उन्हात उभं राहावं लागतं. इथे चार-पाच पात्रं एसीत, आपण बसलेलो असताना, आपल्याकडे चालत येतात. रांग वाचवण्याची किंमत ज्याला वाटते त्याच्यासाठी हा सौदा ठीक. ज्याला मिकीला भेटायचंच नाही, त्याला रांग वाचली काय नि न वाचली काय.

आता दर. डिस्ने वर्ल्डमध्ये 3 वर्षांखालच्या मुलाला पैसे पडत नाहीत, 3 ते 9 वर्षांना मुलांचा दर लागतो आणि 10 वर्षं पूर्ण झाली की मोठ्या माणसाचा. पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये ही मुलांची मर्यादा 11 वर्षांपर्यंत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पार्कांत मुलांचं तिकीट दारातल्या पट्टीवर उंची मोजून ठरतं. डिस्नेत मात्र वय बघतात. गंमत अशी की हे दर मुलांच्या हौसेच्या नेमके उलटे पडतात. फुकटच्या वयात लेकरू घाबरतं आणि पूर्ण पैसे पडायला लागतात तेव्हा हौस ओसरू लागते.

दीड-दोन वर्षांच्या बाळापासून सुरुवात करू. दुरून मिकी दिसला की ते टाळ्या वाजवतं, आणि तोच मिकी हातभर अंतरावर आला की आईच्या खांद्यात तोंड खुपसून भोकाड पसरतं. त्यात त्याचं काही चुकत नाही. समोर आलेलं डोकं त्याच्या अख्ख्या धडाएवढं असतं, आणि त्या चेहऱ्यावरचं हसू हलत नाही. डोळे मिटत नाहीत, ओठ हलत नाहीत. ओळखीच्या माणसाचा चेहरा वाचायला जे मूल नुकतंच शिकतंय, त्याला असा गोठलेला चेहरा भीतिदायकच वाटणार. म्हणून केवळ बाळाला फुकट आहे या कारणाने बुकिंग करू नये. बाळासोबत मोठी माणसं असतातच, त्यांचे पूर्ण पैसे पडतात.

याची परीक्षा निघण्याआधी इथेच घेता येते. नागपूर-कामठीकडे लग्नाच्या हॉलच्या दारात किंवा वाढदिवसाला मिकी नाहीतर मोटू-पतलूचा पोशाख घातलेला माणूस उभा करतात. तिथे नातू पुढे जाऊन हात मिळवतो की मागे लपतो, एवढं बघून घ्यावं. मुंबई-पुण्याकडे जाणं झालंच तर खोपोलीजवळच्या, 2013 मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकातही अशी पात्रं भेटतात. जरा मोठ्या मुलांसाठी नागपुरातली वर्धा रोडची चोखी ढाणी बरी. नाचगाणं चालू असताना पोरगं जेवतं की जेवण विसरतं, ते तिथे कळतं.

सगळ्यात वसूल होणारं वय 4 ते 7. या वयात मिकी खरा असतो. त्याला आपलं चित्र दाखवायचं असतं, डोनाल्ड का चिडला ते विचारायचं असतं. मी म्हणेन, घरात या वयाचं एक जरी मूल असेल आणि ते घाबरणारं नसेल, तर एकदा जावं. एकदाच. दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या नाश्त्याला तीच पात्रं तेच करतात, आणि पहिल्या दिवसाचं नवल पुन्हा येत नाही.

8 ते 10 हे कुंपणावरचं वय. आत माणूस आहे हे त्यांना ठाऊक असतं. काही मुलं तरीही धाकट्या भावंडासाठी गुपित सांभाळतात आणि त्या मोठेपणात रमतात. काही मात्र मोठ्याने सांगून टाकतात आणि शेजारच्या टेबलावरचं लेकरू रडायला लागतं. आपलं कोणत्या जातकुळीचं ते आपल्यालाच माहीत. आधी सरळ विचारावं, ‘मिकीसोबत नाश्ता की एक झोपाळा जास्त?’ उत्तर क्षणात मिळतं. 10 वा वाढदिवस प्रवासाच्या तोंडावर येत असेल तर आणखी एक बघावं. दर प्रवास बुक केल्याच्या दिवशीचं वय धरून नसतो, जेवणाच्या दिवशीचं वय धरून असतो.

अकराच्या पुढच्यांसाठी हे पैसे दुसरीकडे लावावेत. ‘लाइटनिंग लेन’ नावाची जादा पैसे भरून छोट्या रांगेतून झोपाळ्यापर्यंत जायची सोय आहे, तिच्यात ते खुश. बसून जेवायचंच असेल तर एपकॉट या पार्कात 2021 मध्ये ‘स्पेस 220’ हे अंतराळस्थानकासारखं हॉटेल सुरू झालं आहे. तिथे पात्रं येत नाहीत, पण खिडकीबाहेर पृथ्वी दिसते. चौदा वर्षांच्या मुलाला गूफीच्या मिठीपेक्षा ते बरं वाटतं.

आणि आजी-आजोबा? त्यांना या हिशेबात कोणी धरत नाही, पण दिवसभर पार्कात सगळ्यात जास्त दमतात तेच. त्यांच्यासाठी हा दीड तास बसायचा, पाणी प्यायचा आणि नातवाचा चेहरा निवांत बघायचा असतो. पूर्ण दर देऊन फायद्यात राहणारी मोठी माणसं मी तरी हीच बघितली. आई-बाप तर उभे राहून फोटोच काढत असतात.

पुढची पायरी कोणती पात्रं निवडायची ही, आणि इथे भाषा मधे येते. मिकी-गूफीसारखी पूर्ण मुखवट्यातली पात्रं बोलत नाहीत. मान डोलावतात, पोटावर हात ठेवून हसतात, हवेत पाप्या फेकतात. राजकन्या मात्र मुखवटा घालत नाहीत, त्या बोलतात, आणि तेही भरभर अमेरिकी इंग्रजीत. न्यू जर्सीत वाढलेली नात सिंड्रेलाशी अर्धा तास गप्पा मारेल. कामठीहून सोबत गेलेला, मराठी शाळेतला तिचा मावसभाऊ तिथे मुका होईल आणि नंतर रुसेल. दोघं एका टेबलावर असतील तर मिकी निवडावा, राजकन्या नको. मिकीपुढे दोघं सारखेच.

जागा निवडताना एक बारीक गोष्ट पैसे वाचवते. काही जागा पार्कच्या आत आहेत. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं ‘रॉयल टेबल’, प्राण्यांच्या पार्कातलं ‘टस्कर हाउस’, एपकॉटमधलं ‘गार्डन ग्रिल’ ही त्यातली. तिथे जायला त्या दिवसाचं पार्क तिकीट हवं. पण ‘शेफ मिकीज’ हे कंटेम्पररी नावाच्या निवासी हॉटेलात आहे, तिथे पार्क तिकीट लागत नाही. म्हणजे पोहोचल्यावरचा किंवा परतीच्या आधीचा, बिनपार्कचा दिवस त्याला देता येतो. या हॉटेलच्या पोटातून मोनोरेल जाते. पाच वर्षांच्या पोराला तिचंच कौतुक मिकीपेक्षा जास्त वाटलं तर नवल मानू नये. गार्डन ग्रिलची जमीन सावकाश गोल फिरते आणि मिकीसोबत चिप आणि डेल या दोन खारी येतात. थाळ्या टेबलावर येत असल्याने गुडघे दुखणाऱ्या आजीला बुफेभोवती फिरावं लागत नाही.

अमेरिकाच हवी असं नाही. टोकियोत आणि हाँगकाँगमध्येही ‘शेफ मिकी’ आहे, आणि दोन्हीकडे ते पार्कबाहेरच्या डिस्ने हॉटेलात.

आता बुकिंग. डिस्ने वर्ल्डमध्ये जेवणाची जागा 60 दिवस आधी खुली होते, तिथल्या पहाटे 6 च्या सुमारास. चांगल्या वेळा लवकर उडतात. लेकाला पहाटे उठायचा कंटाळा असतो, पण तेव्हा कामठीत दुपारचे साडेतीन वाजलेले असतात; तिकडे हिवाळ्याची वेळ चालू असेल तर साडेचार. ज्यांना मोबाइलवर रेल्वेचं तत्काळ काढायची सवय आहे, त्यांना हे अवघड नाही. कार्डाचा नंबर द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी न कळवता गैरहजर राहिलं तर माणशी 10 डॉलर कापतात, म्हणून बेत बदलला तर निदान दोन तास आधी रद्द करावं.

वेळ निवडताना भारतातून ताजे गेलेले लोक हमखास फसतात. संध्याकाळी सातचं जेवण झकास वाटतं, पण ओरलँडोत उन्हाळ्यात सात वाजतात तेव्हा आपल्या शरीराचे पहाटेचे साडेचार झालेले असतात. मिकी येतो आणि पोरगं बशीवर डोकं ठेवून झोपलेलं असतं. सकाळी आठचा नाश्ता घ्यावा. पहिले काही दिवस सगळे तसेही पहाटे तीनला जागे असतात.

शाकाहाराचं बुकिंगच्या वेळीच लिहावं. अंडी आपण शाकाहारात धरत नाही, ते तिकडे गृहीत नसतं. म्हणून मांस, मासे, अंडी नको असं सुटंसुटं लिहावं. पोहोचल्यावर वाढणाऱ्याला शेफला बोलवायला सांगावं. शेफ स्वतः येऊन कशात काय आहे ते सांगतो, यात संकोच नको. बुफेवर एकच चिमटा सॉसेजमध्ये आणि बटाट्यात फिरतो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ताट आतून वेगळं मागवावं. जैन किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी फळं, पाव यावर भागवायची तयारी ठेवावी, आणि वॉफलच्या पिठात अंडं असतं हे लक्षात ठेवावं.

टेबलावर बसल्यावरची सगळ्यात नेहमीची चूक अशी. ‘बुफे उघडलंय’ म्हणताच अख्खं कुटुंब ताटं घेऊन उठतं. तेवढ्यात गूफी येतो, चार रिकाम्या खुर्च्या बघतो, दोन क्षण थांबतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. परत येईस्तोवर बराच वेळ जातो. म्हणून एका वेळी दोघांनीच उठावं आणि मुलं मात्र बसून राहावीत. मुलाला वाटेच्या बाजूची खुर्ची द्यावी, भिंतीकडची नाही. भिंतीकडच्या पोरापर्यंत ते भलंमोठं डोकं वाकू शकत नाही. सहीसाठी जाड मार्कर न्यावा, कारण चार बोटांच्या जाड हातमोज्यात बारीक पेन धरता येत नाही. एखादं पात्र आलंच नाही तर निघायच्या आधी वाढणाऱ्याला सांगावं, ते सोय करतात.

लेकरू घाबरलंच तर ओढून मिठीत ढकलू नये. आजोबांनी आधी स्वतः हात मिळवावा आणि मुलाला बघू द्यावं. हे कलाकार समजदार असतात, लांबूनच हात हलवून निघून जातात. कधीकधी दुसऱ्या फेरीला तेच मूल हात पुढे करतं. नाही केला तरी फोटोसाठी रडवायचं काही कारण नाही.

शेवटी बिल. सोयीसाठी मोठ्यांचा दर 60 आणि मुलांचा 40 डॉलर धरू. चार मोठे, एक सहा वर्षांचा आणि एक दोन वर्षांची, तर 280 डॉलर झाले. त्यावर तिथला साडेसहा टक्के विक्रीकर, म्हणजे 18 डॉलर. टेबलावर सहा किंवा जास्त माणसं असली की 18 टक्के टिप आपोआप लागते, ते आणखी 50. म्हणजे 280 चे जवळपास 350 होतात, आणि घरी ठरवताना हाच आकडा धरावा. सहाच्या मोजणीत बाळही येतं. सही करण्याआधी बिलात ‘ग्रॅच्युइटी’ असं लिहिलेली ओळ शोधावी. ती असेल तर टिप दिली गेली आहे. तिच्याखाली टिपेसाठी आणखी एक रिकामी जागा ठेवलेली असते, ती तशीच कोरी सोडावी.