किती वाजता, कुठून काढलास?

२०१६च्या सुमाराची गोष्ट. कॅनडातल्या कॅलगरी शहरातल्या एका पबमध्ये दोन तऱ्हेची माणसं एकत्र बसली होती. एका बाजूला कॅलगरी विद्यापीठाचे एरिक डोनोव्हन आणि नासाच्या एलिझाबेथ मॅकडोनाल्ड. दोघांचं आयुष्य अरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासात गेलेलं. दुसऱ्या बाजूला अल्बर्टा प्रांतातली हौशी मंडळी. दिवसा नोकरी करायची आणि आकाश उजळण्याची चिन्हं दिसली की रात्री ट्रायपॉड गाडीत टाकून शहराबाहेर पळायचं, असा त्यांचा शिरस्ता. गप्पा रंगल्या, फोटो निघाले. एका फोटोत आकाशात या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला अरुंद, जांभळट पट्टा होता. हा आमचा ‘प्रोटॉन आर्क’, असं मंडळींनी सांगितलं. डोनोव्हन चक्रावले. प्रोटॉनांमुळे होणारा अरोरा फार फिकट आणि पसरट असतो, तो नुसत्या डोळ्यांना सहसा दिसतच नाही. मग हे काय होतं? टेबलाभोवतीच्या एकाकडेही उत्तर नव्हतं.

हौशी लोकांना तो पट्टा चांगला परिचयाचा होता. तो पूर्व-पश्चिम पसरतो, नेहमीच्या अरोराच्या दक्षिणेला दिसतो, वीस मिनिटं ते तासभर टिकतो आणि कधीकधी त्याच्या खालच्या कडेला हिरव्या उभ्या रेषांचं कुंपण उमटतं, हे सगळं त्यांना माहीत होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त नाव. मग त्यांच्यातल्याच ख्रिस रॅट्झलाफ यांनी ‘स्टीव्ह’ असं नाव सुचवलं. ‘ओव्हर द हेज’ या कार्टूनपटातले प्राणी समोर अचानक उगवलेल्या झुडपांच्या भिंतीला घाबरतात आणि भीती कमी व्हावी म्हणून तिचं नाव स्टीव्ह ठेवतात, तिथून ते घेतलेलं. शास्त्रज्ञांनी हे नाव पुढे तसंच ठेवलं, फक्त त्याच्या इंग्रजी अक्षरांत बसेल असं एक भारदस्त लांबलचक नाव मागाहून जुळवलं.

पुढे युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘स्वार्म’ उपग्रहांपैकी एक या पट्ट्यातून आरपार गेला. जमिनीपासून ३०० किलोमीटर उंचीवर त्याच्या उपकरणांनी तापमानात ३००० अंश सेल्सिअसची उडी नोंदवली. पट्ट्याची रुंदी होती जेमतेम २५ किलोमीटर. आतला वायू सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे धावत होता आणि दोन्ही बाजूंचा वायू सेकंदाला १० मीटरच्या आसपास रेंगाळत होता. (३००० अंश ऐकून भाजल्यासारखं वाटतं, पण तिथली हवा इतकी विरळ आहे की त्या उष्णतेत हात घातला तरी चटका बसणार नाही.) असे वेगवान प्रवाह तिथे असतात हे उपग्रहांमुळे दशकानुदशकं माहीत होतं. ते खालून दिसू शकतात, त्यांचा फोटो निघू शकतो, हे मात्र माहीत नव्हतं. २०१८च्या मार्चमध्ये यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकांच्या यादीत हौशी छायाचित्रकारही होते. पुढे त्याच वर्षी आणखी एका अभ्यासाने दाखवलं की स्टीव्ह हा रूढ अर्थाने अरोराच नाही, कारण वरून कोसळणाऱ्या कणांमुळे तो उजळत नाही.

इतकी ठळक गोष्ट शास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटली कशी? एक तर त्यांचे कॅमेरे जास्त उत्तरेला, अरोराच्या मुख्य पट्ट्यावर रोखलेले होते. शिवाय ते बहुतेक वेळा ठरावीक रंगाचाच प्रकाश टिपत. हौशी माणसाचा साधा रंगीत कॅमेरा समोर येईल ते सगळं घेतो.

तो आपल्या डोळ्यांपेक्षा जास्तही घेतो. अंधारात डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळपास थंडावतात आणि काम दंडपेशींवर येतं. त्यांना उजेड कळतो, रंग कळत नाही. शिवाय डोळा प्रकाश साठवतो तो सेकंदाच्या एका लहानशा अंशापुरता. कॅमेऱ्याचं शटर दहा सेकंद उघडं ठेवलं तर सेन्सर दहा सेकंदांचा प्रकाश एकावर एक रचत बसतो. म्हणून तिथे उभ्या असलेल्या माणसाला राखाडी धूसर कमान दिसते आणि त्याच्याच कॅमेऱ्यात ती हिरवी-जांभळी येते. असे फोटो पाहिले की आपल्याकडे लगेच ‘एडिट केलाय’ म्हणतात. नेहमीच तसं नसतं.

कॅनडातल्या गोष्टीपेक्षाही मला फिनलंडची आवडते. हेलसिंकी विद्यापीठाच्या अवकाश-भौतिकशास्त्रज्ञ मिन्ना पाल्मरोत हौशी अरोरा-छायाचित्रकारांशी वर्षानुवर्षं बोलत होत्या, त्यांच्या शंकांना उत्तरं देत होत्या. त्यातूनच अरोराचे प्रकार ओळखायला शिकवणारं पुस्तक तयार झालं. फोटो निवडताना काही आकृत्या कोणत्याच प्रकारात बसेनात, तेव्हा त्यांनी त्या बाजूला ठेवल्या. पुस्तक प्रसिद्ध होऊन थोडेच दिवस झाले होते. ७ ऑक्टोबर २०१८च्या रात्री नेमकी तीच न बसणारी आकृती आकाशात उगवली: समांतर हिरव्या पट्ट्यांची रांग, वाळूच्या टेकड्यांसारखी. हौशी मंडळींनी पाल्मरोत यांना तत्काळ कळवलं आणि फोटो काढत राहिले.

खरी मौज पुढे आहे. लायतिला आणि रुओवेसी या दोन वेगवेगळ्या गावांतून एकाच वेळी काढलेल्या फोटोंत एकाच पट्ट्याचा एकच बारकावा सापडला. मात्र दोन्ही फोटोंत त्याच्या मागचे तारे वेगळे होते. हात लांब करून अंगठा धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसेल, कारण दोन डोळे दोन जागांहून पाहतात. इथे दोन डोळे म्हणजे दोन गावं आणि भिंत म्हणजे तारे. संगणकावर ताऱ्यांचा नकाशा फोटोवर बसवून संशोधकांनी त्या पट्ट्याची दिशा आणि कोन काढला आणि उंची निघाली सुमारे १०० किलोमीटर. दोन पट्ट्यांमधलं अंतर सुमारे ४५ किलोमीटर. हा आकाशाचा असा मजला आहे जिथे फुगे आणि विमानं पोचत नाहीत आणि उपग्रह इतक्या खाली फिरू शकत नाहीत. तिथल्या हवेत उठलेली लाट हौशी लोकांच्या फोटोंवरून मोजली गेली. २०२०च्या जानेवारीत त्यावरचा शोधनिबंध आला.

हे घडलं ते दोन्ही गावांतल्या फोटोंसोबत जागा आणि वेळ होती म्हणून. ‘सुंदर रात्र, सुंदर आकाश’ एवढंच लिहिलेल्या फोटोवरून उंची निघत नाही.

आता आपल्या जवळ येऊ. १९ मे २०२२च्या रात्री दक्षिण तिबेटमधल्या पुमोयोंगत्सो तलावाजवळ दोन चिनी हौशी छायाचित्रकार हिमालयाकडे तोंड करून उभे होते. पर्वतांपलीकडे गंगेच्या मैदानापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं वादळ गरजत होतं. त्या वादळाच्या कितीतरी वर, मोकळ्या आकाशात, लाल झाडं क्षणभर उगवत होती आणि विझत होती. यांना ‘स्प्राइट’ म्हणतात. ढगाच्या वरच्या भागातला धन विद्युतभार मोठ्या विजेच्या रूपाने अचानक जमिनीवर ओतला गेला की वरच्या विरळ हवेतला विद्युत तोल एकाएकी बिघडतो आणि ५० ते ९० किलोमीटर उंचीवरचा नायट्रोजन लाल पेटतो. सगळा खेळ सेकंदाच्या काही शतांशांत आटोपतो. ढगांवर असं काहीतरी चमकतं असं वैमानिक पूर्वीपासून सांगत, पण त्यांच्यावर फारसा विश्वास बसत नसे. पहिला पुरावा १९८९मध्ये अमेरिकेत, मंद उजेडात चालणारा कॅमेरा तपासताना योगायोगाने मिळाला.

तिबेटमधल्या त्या रात्री १०५ स्प्राइट टिपले गेले. चारांच्या डोक्यावर हिरवी आभाही होती. तिला ‘घोस्ट’ म्हणतात आणि तिची चर्चा सुरू केली तीही वादळांचा पाठलाग करणाऱ्या अमेरिकी छायाचित्रकारांनीच, २०१९मध्ये. आशियात ती पहिल्यांदा दिसली ती या चित्रणात. पण कोणत्या विजेने कोणता स्प्राइट पेटवला हे ठरवायला अचूक वेळ हवी आणि कॅमेऱ्याच्या घड्याळावर तेवढा भरवसा नव्हता. तेव्हा चिनी शास्त्रज्ञांनी चित्रणात तारांगणातून सरकणारे उपग्रह शोधले. कोणता उपग्रह कोणत्या क्षणी कोणत्या ताऱ्याशेजारी असतो हे गणिताने कळतं, म्हणून ठिपक्याच्या जागेवरून वेळ काढली. जवळजवळ ७० टक्के स्प्राइटांना त्यांची जन्मदाती वीज सापडली. घड्याळ चुकलं होतं, पण वेळ आकाशातच लिहिलेली होती! मला या सगळ्या हकिगतीतला हा भाग सर्वांत अजब वाटतो.

लडाखमधल्या हानले इथून १० आणि ११ मे २०२४च्या रात्री टिपलेली अरोराची लाल आभा अनेकांनी पाहिली असेल. ती फक्त लालच का? ऑक्सिजनचा लाल प्रकाश २०० किलोमीटरच्याही वरून येतो. तो सोडायला अणूला जवळपास दोन मिनिटं लागतात आणि खालच्या दाट हवेत तेवढा वेळ टक्कर न होता राहणं शक्यच नसतं. हिरवा प्रकाश त्यामानाने खालून, सेकंदाच्या आत येतो. हानलेपासून दूर उत्तरेला पेटलेल्या आकाशाचा खालचा हिरवा मजला पृथ्वीच्या गोलाईआड गेला आणि वरचा लाल मजला क्षितिजावर उरला.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग सरकली आणि असंख्य मोबाइल वर झाले. कोणी उल्का म्हटलं, कोणी आणखी काही. उल्का एवढी सावकाश जात नाही, हे त्या व्हिडिओंतच दिसत होतं. तो चिनी ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाचा, २०२१मध्ये उडवलेल्या मोहिमेतला टप्पा होता, असं खगोलतज्ज्ञांनी कक्षेच्या हिशेबावरून सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. मात्र त्या रात्री फोनांवर फिरलेल्या कित्येक व्हिडिओंना ना गाव होतं ना वेळ. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की त्यातली वेळेची आणि जागेची नोंद गळून पडते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती टिकते.

वळवाच्या दिवसांत सह्याद्रीतल्या एखाद्या गडावर मुक्काम असेल, डोक्यावर आकाश निरभ्र असेल आणि पूर्वेला दोन-अडीचशे किलोमीटरवर वीज लखलखत असेल, तर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. ढगांवर न रोखता त्यांच्या बराच वर रोखा, हात लांब केल्यावर क्षितिजावर दीड मूठ बसेल तेवढ्या उंचीवर. भारतातून स्प्राइट टिपले गेले आहेत. पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अलाहाबाद केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्यांची नोंद गेल्या दशकातच केली. तुम्हाला काही दिसेल की नाही ते वादळावर अवलंबून आहे. पण घरून निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी सेकंदासकट जुळवून घ्या, गडाचं नाव आणि कॅमेऱ्याची दिशा वहीत लिहा आणि मूळ फाइल पुसू नका.