औषधांमागून आलेल्या हालचाली

मनोविकारांवरील औषधांमुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचालींचा इतिहास १९५२ पासून, म्हणजे पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाल्यापासून, मोजावा लागतो. अंग ताठरणे, कंप, मान वाकडी होणे हे त्रास लवकर लक्षात आले. मात्रा कमी केली किंवा ट्रायहेक्सिफेनिडिल हे कंप-ताठरपणावरचे औषध दिले की ते बहुधा आटोक्यात येत. १९५७ मध्ये जर्मनीत शोनेकर यांनी नोंदवलेला प्रकार निराळा होता. रुग्णांचे तोंड चघळल्यासारखे हलत राही आणि औषध बंद केल्यावरही ते थांबत नसे. त्याला ‘टार्डिव्ह डिस्कायनेशिया’ हे नाव १९६४ मध्ये डेन्मार्कमधून मिळाले.

हा विकार फसवा आहे. डोपामाइन या मेंदूतील रसायनाचे ग्राही औषधांनी वर्षानुवर्षे अडवले गेले की ते अतिसंवेदनशील होतात, असे मानले जाते. त्यामुळे मूळ औषध वाढवले की हालचाली काही काळ दबतात आणि एकदम थांबवले की उसळतात. ट्रायहेक्सिफेनिडिलने तर त्या बहुधा वाढतात. तरीही सवयीने तेच लिहून दिले जाते, ही मोठी हानी आहे.

अशा हालचाली ओळखण्यासाठी १९७६ मध्ये अमेरिकेत ‘एम्स’ ही तपासणीपद्धत आली. रुग्णाला खुर्चीवर बसवून तोंड उघडायला व जीभ बाहेर काढायला सांगतात, मग अंगठ्यावर एकेक बोट टेकवायला लावतात. लक्ष बोटांकडे गेले की चेहऱ्यावरची दडलेली हालचाल उघडी पडते. हे काही मिनिटांत होते, त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

क्लोझापिन या मनोविकारांवरील औषधामुळे हा धोका कमी असल्याचे दिसले, पण फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी घटून मृत्यू झाल्याने १९७५ मध्ये ते मागे पडले. नियमित रक्ततपासणीच्या अटीवर अमेरिकेत त्याला १९८९ मध्ये मान्यता मिळाली. नेमक्या याच विकारासाठीची औषधे, व्हालबेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन, तिथे २०१७ मध्ये मान्य झाली. चेतापेशीत डोपामाइन साठवणारा वाहक ती अडवतात. सर्पगंधेतील रेसर्पिनचेही काम तिथेच चालते. त्या मुळीचा उन्मादावरील उपयोग कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच प्रसिद्ध केला होता.

ही औषधे हालचाली कमी करतात, मूळ विकार पुसत नाहीत. म्हणून लवकर ओळखणे हाच खरा उपाय. रुग्णाच्या ओठांची किंवा जिभेची अकारण हालचाल दिसली, तर घरच्यांनी गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना लगेच सांगावे आणि ‘एम्स’ तपासणी करण्याचा आग्रह धरावा.