दंतवैद्याची पदवी आणि मंडळाचे प्रमाणपत्र

झाशीचा इलाइट चौराहा असो की पुण्याचा लक्ष्मी रस्ता, दंतवैद्याच्या पाटीवर नावापुढे काही अक्षरे हमखास आढळतात. मुलाचे वेडेवाकडे दात तार लावून सरळ करावयाचे असल्यास उपचार बहुधा वर्ष-दोन वर्षे चालतो. एवढा दीर्घ काळ पालक त्या अक्षरांवरच विसंबून असतात. म्हणून त्यांचा अर्थ जाणून घेणे अगत्याचे आहे.

बी.डी.एस. ही दंतवैद्यकाची मूळ पदवी होय. तिच्यानंतर तीन वर्षांचा एम.डी.एस. अभ्यासक्रम पूर्ण करणारा विशेषज्ञ ठरतो. दात सरळ करणे, हिरड्यांचे विकार, मुखशल्यचिकित्सा, बालदंतवैद्यक अशा नऊ शाखांपैकी एकच शाखा त्याला निवडावी लागते. 1948 च्या दंतवैद्य अधिनियमाने राज्याच्या दंत परिषदेकडील नोंदणी बंधनकारक केली. झाशीच्या दंतवैद्याची नोंदणी उत्तर प्रदेशाच्या परिषदेकडे होते. कायद्याच्या दृष्टीने पदवी व नोंदणी एवढे पुरेसे असते.

परंतु पदवी विद्यार्थिदशेच्या अखेरीस मिळते. पुढे स्वतंत्रपणे उपचार करताना हात किती तयार झाला, हे ती सांगू शकत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेत 1929 मध्ये दात सरळ करणाऱ्या विशेषज्ञांनी स्वतःचे परीक्षक मंडळ स्थापिले. दंतवैद्यकातील हे अशा प्रकारचे पहिलेच मंडळ. भारतातही याच शाखेत ‘इंडियन बोर्ड ऑफ ऑर्थोडॉन्टिक्स’ कार्य करते. त्याचे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. ते नसले तरी व्यवसाय करता येतो. ज्याला स्वतःचे काम समव्यावसायिकांच्या कसोटीस लावावयाचे असते, तोच या वाटेने जातो.

अशा परीक्षेची जुनी रीत अशी: उमेदवाराने स्वतः उपचार केलेल्या रुग्णांच्या दातांचे प्लास्टरचे नमुने, छायाचित्रे व क्ष-किरण चित्रे, उपचारापूर्वीची व नंतरची, परीक्षकांपुढे मांडावयाची. येथे लपवाछपवीला वाव थोडा. दात जेथे पोहोचले तेथेच दिसतात. तथापि या रीतीत एक दोष होता. उमेदवार आपले उत्तमोत्तम रुग्ण निवडून आणी, आणि त्यामुळे एरवीच्या कामाचा अंदाज येत नसे. अमेरिकन मंडळाने 2019 पासून सर्वांपुढे सारखीच रुग्णस्थिती ठेवून निदान व उपचारयोजना विचारण्याची पद्धत स्वीकारली. तिच्यात न्याय अधिक असला, तरी हाताच्या कामाचा प्रत्यक्ष पुरावा मागे पडला. दोन्ही गोष्टी एकाच परीक्षेत साधणे कठीण आहे.

प्रमाणपत्र मिळविण्याइतकेच ते टिकविणेही महत्त्वाचे आहे. अमेरिकन मंडळाचे प्रमाणपत्र आता दहा वर्षांच्या मुदतीचे असते. पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते. कारण साहित्य बदलते, तंत्र बदलते आणि वीस वर्षांपूर्वीचे ज्ञान शिळे होते. आपल्याकडे निरंतर दंतशिक्षणाच्या व्याख्यानांना व कार्यशाळांना उपस्थित राहून गुण मिळविण्याची पद्धत आहे. मात्र उपस्थिती म्हणजे परीक्षा नव्हे, हा भेद विसरता कामा नये. संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. पदवीच्या अखेरीस सर्वांसाठी समान परीक्षेची तरतूद त्यात आहे. परंतु तीही व्यवसायाच्या उंबरठ्यावरचीच परीक्षा होय.

तेव्हा रुग्णाने काय करावे? पाटीवरील शाखा आणि आपल्याला हवा असलेला उपचार यांचा मेळ बसतो की नाही, ते पाहावे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. आणि अशाच प्रकारचे उपचार पूर्वी किती केले, त्यांचे नमुने दाखविता येतील काय, हेही नम्रपणे विचारावे. परीक्षक मंडळ जो प्रश्न विचारीत आले, तो विचारण्याचा अधिकार रुग्णालाही आहे.