अंगणातला कॅमेरा आणि घरचा संगणक

दाराला कुलूप आणि उंबऱ्याशी कुत्रे, एवढ्यावर राखणीचे काम पूर्वी भागत असे. आता चौकातल्या खांबावर, दुकानाच्या छज्ज्यावर, कांद्याच्या चाळीवरदेखील कॅमेरे दिसतात. आमच्या घरामागच्या चाळीवर कॅमेरा बसला तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "चित्र आपल्या चाळीचं, मग ते आधी जातं कुठं?" वडील चौथीपर्यंत शिकलेले, पण प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. कारण मोबाईलमधल्या अनेक ॲपांत अंगणातले चित्र प्रथम कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाते आणि तेथून आपल्या हाती येते. तेच चित्र सरळ घरच्या संगणकावर, आपण स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आणता येईल काय? येईल. ते कसे, हे सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

ही कल्पना नवी नाही. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे भांडे एका खोलीत आणि पिणारे इमारतभर, अशी स्थिती होती. रिकामा हेलपाटा वाचावा म्हणून संशोधकांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला. पॉल जार्डेट्झकी यांनी कॅमेऱ्याकडच्या आणि क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी टेबलावरच्या संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिला. करड्या रंगाचे लहानसे चित्र मिनिटाला सुमारे तीन वेळा बदलत असे. गरज आपली, म्हणून प्रोग्रॅमही आपला!

आजचा बाहेरचा कॅमेरा हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याच्या खोक्यावर 'आयपी ६६' असे लिहिलेले असेल तर धूळ आत शिरत नाही आणि पाण्याचा जोरदार फवाराही तो सोसतो, असा त्याचा अर्थ. 'आयपी कॅमेरा' या नावातले 'आयपी' मात्र वेगळे; ते इंटरनेटच्या पत्त्याशी संबंधित आहे. सोय असल्यास वीज आणि चित्र दोन्ही एकाच तारेतून नेता येतात. ही तार १०० मीटरपर्यंत चालते.

पहिली पायरी पत्त्याची. घरातला राउटर कॅमेऱ्याला १९२.१६८.१.६४ असा एखादा क्रमांक देतो. हा क्रमांक वाड्यातल्या खोलीच्या क्रमांकासारखा असतो. वाड्याबाहेर त्याला अर्थ नाही. तो बदलू नये म्हणून राउटरमध्ये त्या कॅमेऱ्यासाठी राखून ठेवावा.

दुसरी पायरी भाषेची. येथे आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना घरी आल्यासारखे वाटते! प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याची बोली निराळी असली, तर एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याला चालणार नाही. म्हणून २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी 'ऑनव्हिफ' ही संघटना स्थापून जणू एक प्रमाणभाषा ठरवली. तिच्या आधारे प्रोग्रॅम कॅमेऱ्याला विचारतो, "तुझे चित्र कोणत्या पत्त्यावर मिळेल?" पुढचा संवाद 'आरटीएसपी' या १९९८ साली ठरलेल्या नियमांनी होतो. "तुझ्याजवळ काय आहे? वाट मोकळी कर. सुरू कर. आता थांब." असा तो चालतो. यासाठी ५५४ क्रमांकाचे दार ठरलेले आहे. कॅमेरा विकत घेण्यापूर्वीच तो ही भाषा बोलतो की नाही, हे पाहावे. काही स्वस्त कॅमेरे केवळ आपल्या कंपनीच्या ॲपशीच बोलतात.

तिसरी पायरी चित्र उलगडण्याची. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या एका चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात. एवढे ओझे तारेवर टाकणे परवडत नाही. म्हणून कॅमेरा एक पूर्ण चित्र पाठवतो आणि पुढच्या चित्रांत मुख्यतः बदललेला भागच धाडतो. 'एच २६४' ही २००३ सालची पद्धत अशीच आहे. तिने सेकंदाला सुमारे पाच लाख बाइटांत काम भागू शकते; म्हणजे मूळ ओझ्याचा तीनशेवा हिस्सा.

हे गाठोडे सोडण्यासाठी 'एफएफएमपेग' आणि 'ओपनसीव्ही' ही साधने विनामूल्य मिळतात. पायथन भाषेतल्या दहा-पंधरा ओळींत खिडकी उघडून चित्र दिसू लागते. परंतु दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. चित्र घेण्याचे काम आणि दाखवण्याचे काम वेगवेगळे चालवावे. नाहीतर न पाहिलेली चित्रे साचत जातात आणि चोर पळाल्यावर चोर आत शिरताना दिसतो! दुसरे असे की वीज गेली की संबंध तुटतो. तेव्हा काही सेकंदांनी पुन्हा हाक मारण्याची सोय प्रोग्रॅममध्येच हवी. आपल्या खेड्यांत तर हिच्यावाचून गत्यंतर नाही.

आता धोक्याची सूचना. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती साधी होती: कारखान्यातून येणारी साठेक ठरावीक नावे आणि परवलीचे शब्द त्याने वापरून पाहिले. मालकांनी ते बदललेच नव्हते! त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांनी केलेल्या भडिमाराने अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. राखणदारच चोराला फितूर झाला. तेव्हा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा आणि ५५४ चे दार बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडे ठेवू नये.

मित्रहो, अशी जोडणी केली म्हणजे वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर बदलते. चित्र चाळीवरून निघते, तारेतून घरात येते आणि घरच्याच संगणकात राहते. मात्र मालकी आली की जबाबदारीही येते. कॅमेऱ्याचे तोंड आपल्या चाळीकडे असावे, शेजाऱ्याच्या न्हाणीघराकडे नव्हे. यंत्राला हे कळत नाही. ते आपल्यालाच कळले पाहिजे.