पालीला जागा आहे, मग ॲपला का नाही?

नोंद कशाची, कशासाठी? : लेखांक 6

मागच्या लेखांकात व्यक्तींच्या नोंदींचा विचार केला. या आठवड्यात पाळी आहे ती बाजारातल्या वस्तूंची, आणि त्यातही सध्या सर्वांत जास्त गलका करणाऱ्या डेटिंग ॲपची. पण सुरुवात एका गावापासून करू. बीडहून मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागलं की बिंदुसरा प्रकल्पाजवळ पाली लागतं. महाराष्ट्रात नुसतं ‘पाली’ म्हटलं की लोकांना रायगडातला बल्लाळेश्वर आठवतो. बीडच्या पालीच्या वाट्याला ती प्रसिद्धी नाही. तरीही विकिपीडियावर या गावाचं पान सुरू केलं, तर ते ठेवावं की काढावं यावर सहसा वाद होत नाही. कायद्यानं मान्यता असलेल्या, लोकवस्तीच्या गावाला तिथे जवळजवळ आपोआप जागा मिळते. याउलट लाखो मोबाइलांत उतरलेल्या एखाद्या डेटिंग ॲपवर कुणी पान लिहिलं, की ते वगळावं का अशी चर्चा लागते; इंग्रजी विकिपीडियावर ती साधारण सात दिवस चालते आणि अनेकदा पान जातं. ॲपवाल्याला हा सरळ अन्याय वाटतो. गावात काही हजार माणसं आणि ॲपवर लाखो, मग गाव आत आणि ॲप बाहेर का?

उत्तर असं, की गावाला मिळालेली जागा त्याच्या आकारामुळे मिळालेली नाही. गावाबद्दल गावाबाहेरच्यांनी लिहून ठेवलेलं असतं. दर जनगणनेत त्याची डोकी आणि घरं मोजली जातात. भूमापन खात्याच्या नकाशावर त्याची शीव असते, तलाठ्याच्या दप्तरात त्याचे सातबारे असतात. बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळाचीही महसुली दप्तरं आहेत. पुढे जिल्हा गॅझेटिअर आलं, पाटबंधारे खात्याचे अहवाल आले. हे लिहिणाऱ्यांपैकी कुणालाही पाली विकायचं नव्हतं. म्हणून गावाचा नियम हा अपवाद नाहीच. ज्याबद्दल हितसंबंध नसलेल्या माणसांनी, भरवसा ठेवावा अशा ठिकाणी पुरेसं लिहिलं आहे, त्याचीच नोंद करावी, हे मूळ सूत्र आहे. गावाच्या बाबतीत ही अट पुरी झालेली असणार, असं गृहीत धरता येतं. ॲपच्या बाबतीत तसं धरता येत नाही. तिथे ती दाखवून द्यावी लागते.

मराठी विकिपीडियावर या अटीला ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे, कारण त्यातून थोरवीचा भास होतो. छापील कोशांत हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटत असे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश असो, की वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश असो, कोणती नोंद घ्यायची हे संपादक ठरवत. विश्वकोशात नोंद त्या विषयाच्या जाणकाराकडे जाई आणि तिच्याखाली त्याचं नाव येई. चूक झाली तर जबाबदार कोण हे ठाऊक असे. ऑनलाइन कोशात लिहिणारा सदस्य टोपणनावानं लिहितो. तो डॉक्टर आहे, विद्यार्थी आहे की ॲपच्याच कंपनीत नोकरीला आहे, हे वाचकाला कळत नाही. ज्या लेखकाच्या अधिकारावर विसंबता येत नाही, त्यानं दुसऱ्याच्या पडताळता येणाऱ्या लिखाणावर विसंबावं, एवढाच मार्ग उरतो. उल्लेखनीयतेची अट या गरजेतून आली आहे.

ही अट कशी लागू होते ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, बीडच्या दोन तरुणांनी शेती करणाऱ्या मुलांसाठी एक ॲप काढलं. विषय खराखुरा आहे. शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत म्हणून डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून मोर्चा काढला होता. ॲपचे डाउनलोड लाखावर गेले, कुणीतरी पान लिहिलं आणि खाली सहा संदर्भ दिले. आता ते एकेक तपासू. पहिला संदर्भ प्ले स्टोअरचा. तो मजकूर कंपनीनंच लिहिलेला, म्हणून बाद. दुसरा एका दैनिकातली संस्थापकांची मुलाखत. प्रश्न बातमीदाराचे असले तरी माहिती सगळी संस्थापकांच्या तोंडची. तिसरा आणि चौथा दोन वेगवेगळ्या संकेतस्थळांवरच्या बातम्या, पण त्यांत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मजकूर एकच, आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘या मजकुराशी संपादकीय विभागाचा संबंध नाही’. पाचवा ‘तुमच्यासाठी दहा डेटिंग ॲप्स’ अशी यादी, त्यात आपल्या ॲपला अडीच ओळी. सहावा गुंतवणूक मिळाल्याची चार ओळींची बातमी. सहा संदर्भांपैकी एकही टिकला नाही. ॲप खोटं आहे किंवा वाईट आहे, असं इथे कुणी म्हटलेलं नाही. कंपनीनं स्वतःबद्दल सांगितलेलं खोडलं तर नोंदीत लिहायला काही उरत नाही, एवढंच सिद्ध झालं.

यातला तिसऱ्या-चौथ्या संदर्भाचा प्रकार मराठी वाचकाला नवा नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून दाखवून दिलं होतं, की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती जवळपास शब्दशः सारखी छापून आली होती. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हापासून आपल्याकडे रुळला. तीन ठिकाणी छापून आलं म्हणजे तीन पुरावे झाले असं नव्हे. मजकूर एक असेल तर पुरावाही एकच, आणि तोही ज्याचा मजकूर त्याचाच.

मग कोणतं डेटिंग ॲप या कसोटीला उतरतं? टिंडर सहज उतरतं. 2012 मध्ये ते आलं आणि बोटानं डावी-उजवीकडे सरकवून माणूस नाकारण्या-स्वीकारण्याची रीत त्यानं जगभर नेली. व्हिटनी वुल्फ हर्ड यांनी 2014 मध्ये टिंडर सोडलं, कंपनीवर लैंगिक छळाचा दावा लावला, तो तडजोडीनं मिटला. त्याच वर्षी त्यांनी बंबल उभं केलं. पुढे टिंडरच्या मालक कंपनीनं बंबलवर पेटंटवरून खटला भरला. यावर कंपन्यांच्या पत्रकांखेरीज न्यायालयीन कागद आहेत, दीर्घ वार्तांकन आहे, संशोधन आहे. आपल्याकडे ‘सगाई’ या नावानं सुरू होऊन पुढे शादी डॉट कॉम झालेल्या संकेतस्थळावरही दोन दशकांहून अधिक काळ बाहेरच्यांनी लिहिलं आहे. पण इथे एक घसरण टाळायला हवी. समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांच्या 2019 च्या अभ्यासानुसार अमेरिकेत 2017 मध्ये जुळलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे 39 टक्के ऑनलाइन भेटली होती. या आकड्यानं ‘ऑनलाइन डेटिंग’ या विषयाचं वजन सिद्ध होतं, त्या धंद्यातल्या प्रत्येक ॲपचं नाही. तसंच, 24 नोव्हेंबर 2020 रोजी केंद्र सरकारनं 43 ॲप्सवर बंदी घातली, त्यांत अनेक डेटिंग ॲप्स होती. बंदीची नोंद झालीच पाहिजे. पण सरकारी यादीतल्या एका ओळीवर एकेका ॲपचं पान उभं राहत नाही.

या कसोटीवरचा पहिला आक्षेप असा, की छापील खंडांना कागद लागतो, ऑनलाइन कोशाला जागेचं काय बंधन? येऊ द्या सगळी ॲप्स. पण इथे तुटवडा जागेचा नाही, राखणदारांचा आहे. इंग्रजी विकिपीडियात सुमारे 70 लाख लेख आहेत, मराठीत लाखाच्या आसपास, आणि ते राखणारे नियमित संपादक मूठभर. ज्या पानाकडे फक्त कंपनीचंच लक्ष असतं, ते हळूहळू कंपनीचं पत्रक होतं. 2015 मध्ये इंग्रजी विकिपीडियानं पैसे घेऊन लिहिणारी 381 खाती एकदम बंद केली. पान टिकवून ठेवण्यासाठी छोट्या व्यावसायिकांकडून पैसे मागितले जात असल्याचंही त्या तपासात पुढे आलं. दार सताड उघडं ठेवलं तर त्याची किंमत छोट्या धंदेवाल्यालाच मोजावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बातमीदार मुंबई-पुण्यात, मग बीडच्या वाट्याला ‘पुरेसं लिखाण’ येणार कुठून? कसोटी तटस्थ दिसली तरी तिचं माप शहरी आहे, असं म्हणता येईल. ही चूक घडतेही. डॉना स्ट्रिकलँड यांना ऑक्टोबर 2018 मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पानच नव्हतं. काही महिन्यांपूर्वी त्यांच्यावरचा मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत गेला होता. पण त्यावरचा उपाय कसोटी सैल करण्यात नाही, पुरावा शोधण्यात आहे. संदर्भ इंग्रजीत असावा किंवा इंटरनेटवर असावा अशी अट नाही. जिल्ह्याच्या दैनिकातला गावोगाव फिरून लिहिलेला वृत्तांत चालतो, दिवाळी अंकातला अभ्यासू लेख चालतो, विद्यापीठाच्या ग्रंथालयातला प्रबंध चालतो. आपल्या काल्पनिक ॲपवर उद्या एखाद्या बातमीदारानं वीस घरांत जाऊन, जुळलेली आणि फिसकटलेली लग्नं तपासून लिहिलं, तर त्या एका लेखाचं मोल आधीच्या सहा संदर्भांहून जास्त ठरेल.

तिसरा आक्षेप मनाला भिडणारा. काम चांगलं असेल तर? याच पालीत दत्ता आणि संध्या बारगजे यांची ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना सांभाळते. अशी मुलं मोठी होतात तेव्हा लग्नाचा प्रश्न येतो, आणि तो साधा नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 च्या निकालानं एचआयव्हीबाधितांच्या लग्नाच्या हक्कावरच घाला आला होता. 2002 मध्ये न्यायालयानं ती भूमिका दुरुस्त केली. अशा लोकांसाठी राज्याच्या परिवहन खात्यातले अधिकारी अनिल वळीव यांनी 2006 मध्ये ‘पॉझिटिव्ह साथी’ हे स्थळं जुळवणारं संकेतस्थळ सुरू केलं. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला करमणुकीचं डेटिंग ॲप. निवड करायची तर कुणाचंही मन कुठे झुकेल हे उघड आहे. पण कोशानं मनाच्या झुकण्यावर नोंद दिली, तर उद्या ज्याचं मन दुसरीकडे झुकतं त्याला अडवणार कोण? ‘पॉझिटिव्ह साथी’लाही तीच कसोटी लागू हवी: बाहेरच्यांनी सखोल लिहिलं आहे का? गंमत अशी, की अशा कामाला कसोटीचं भय कमी असतं. तिथे जाहिरातीला पैसा नसतो, म्हणून जे छापून येतं ते बहुधा कुणीतरी स्वतः जाऊन, पाहून लिहिलेलं असतं.

म्हणून ॲपवाल्याला उत्तर असं द्यावं लागेल: नोंद हा मानाचा फेटा नाही आणि नोंद नसणं हा अपमान नाही. स्वतंत्र पान मिळालं नाही तरी ‘ऑनलाइन वधू-वर सूचन’ अशा मोठ्या लेखात एक संदर्भासहित ओळ मिळू शकते, आणि पुढे लिखाण वाढलं तर त्या ओळीचं पान होऊ शकतं. मसुदा तोवर सदस्याच्या धूळपाटीवर, म्हणजे त्याच्या कच्च्या लिखाणाच्या पानावर, राहू द्यावा. पालीबद्दलही जनगणनेपलीकडे कुणी काही लिहिलं नसेल, तर त्याचं पान चार ओळींचंच राहील. जागा मिळाली म्हणून मजकूर मिळत नाही. ती उणीव भरायची तर आधी कुणीतरी गावात जाऊन लिहायला हवं.

पुढच्या लेखांकात : वादग्रस्त घटनेची नोंद किती दिवसांनी करावी?